अन्नातील भेसळ आणि दूषितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अपेक्षा असते, की घरच्या घरी करता येईल अशी एखादी झटपट परीक्षा मिळावी. तशा काही परीक्षा पुढे दिल्या आहेत; परंतु त्या कुठे फसतात हे सांगण्यासाठी अधिक जागा खर्च केली आहे, कारण चुकीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला पदार्थ माणूस निर्धास्तपणे खातो.

भेसळ आणि दूषितता यांत नेमका फरक कोणता?

भेसळीमागे हेतू असतो. विकणारा नफ्यासाठी पदार्थात हलक्या प्रतीचे काहीतरी मिसळतो, त्यातला मोलाचा भाग काढून घेतो किंवा एका पदार्थाच्या नावाखाली दुसराच खपवतो. दूषितता मात्र कोणाच्या मनात नसतानाही घडते. धान्याला ओल लागून बुरशी येते, जमिनीतले विषारी धातू पिकात उतरतात, हाताळणाऱ्याच्या हातावरचे जंतू अन्नात जातात. शिक्षा ठरवताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. खाणाऱ्याच्या शरीराला मात्र त्याच्याशी काही देणेघेणे नसते.

हे दोन्ही प्रकार एकत्र आले म्हणजे काय होते, याचे जुने उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातले आहे. साखर महाग असल्यामुळे तिथे गोड गोळ्यांमध्ये प्लॅस्टर ऑफ पॅरिससारखी स्वस्त पांढरी भुकटी मिसळण्याची सर्रास पद्धत होती. १८५८ साली अशी भुकटी आणायला गेलेल्या माणसाला औषधविक्रेत्याच्या साहाय्यकाने चुकून दुसऱ्याच पिंपातली भुकटी दिली आणि ती सोमल, म्हणजे आर्सेनिकचे संयुग, निघाली. त्या गोळ्या खाऊन सुमारे २० जण दगावले आणि २०० च्या आसपास आजारी पडले. भेसळ जाणूनबुजून केलेली होती, विष मात्र चुकून आले होते. अन्नात जे जायलाच नको ते घालण्याची सवय एकदा रुळली, की अशा चुकीला वाट मोकळी मिळते. पुढे १८६० साली ब्रिटनमध्ये भेसळविरोधी कायदा झाला, त्यामागे या घटनेने उसळलेला लोकक्षोभही होता.

प्रत्येक भेसळ आरोग्याला घातक असते का?

नाही. २०१३ साली युरोपातल्या अनेक देशांत गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार पदार्थांत घोड्याचे मांस सापडले. ती उघड फसवणूक होती, पण त्यामुळे लोक आजारी पडले नाहीत. तरीही अशा प्रकरणाकडे काणाडोळा करता येत नाही, कारण ज्या साखळीत मांस कोणत्या प्राण्याचे आहे हे कळत नाही, त्या साखळीत तो प्राणी निरोगी होता की नाही हे तरी कसे कळणार?

दुसऱ्या टोकाला स्पेनमधली १९८१ ची घटना आहे. औद्योगिक वापरासाठी आणलेले रेपसीडचे तेल कोणी खाऊ नये म्हणून त्यात ॲनिलिन हे रसायन मुद्दाम मिसळलेले होते. काही व्यापाऱ्यांनी ते रसायन काढून टाकण्याचा प्रयत्न करून तेच तेल खाद्यतेल म्हणून, बऱ्याचदा ऑलिव्ह तेलाच्या नावाने, विकले. सुमारे २० हजार लोक आजारी पडले, ३०० हून अधिक मृत्युमुखी पडले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना स्नायूंचे व मज्जातंतूंचे विकार कायमचे जडले. त्या तेलातले नेमके कोणते संयुग विषारी ठरले, याचा निर्णायक उलगडा आजतागायत झालेला नाही.

दुधात घातलेले पाणी कसे ओळखतात?

पारंपरिक साधन म्हणजे लॅक्टोमीटर. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते. त्यात पाणी मिसळले की घनता घटते आणि लॅक्टोमीटर अधिक खोल बुडतो. साधन स्वस्त आहे, सोपे आहे, आणि त्याला चकवणेही तितकेच सोपे आहे. दुधातली साय, म्हणजे स्निग्धांश, पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे ती काढून घेतली की घनता वाढते. म्हणून आधी साय काढायची आणि मग बेताने पाणी घालायचे; लॅक्टोमीटर अस्सल दुधाचाच आकडा दाखवतो आणि गिऱ्हाईक दोन्हींकडून नागवले जाते. साखर किंवा मीठ घालूनही घनता भरून काढता येते.

प्रयोगशाळेत त्यासाठी गोठणबिंदू मोजतात. दूध साधारणपणे उणे ०.५४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते, कारण त्यात विरघळलेली शर्करा आणि क्षार पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढतात. पाणी घातले की हा आकडा शून्याकडे सरकतो, आणि साय काढल्याने त्यात फरक पडत नाही, कारण स्निग्धांश पाण्यात विरघळलेला नसतो. निव्वळ पाण्याची भेसळ निरुपद्रवी आहे असे समजू नये. ते पाणी कुठले, हा प्रश्न उरतोच, आणि दुधावरच वाढणाऱ्या लहान मुलाच्या पोषणातला तेवढा वाटा नाहीसा झालेला असतो.

प्रयोगशाळेने मान्य केलेला पदार्थ निर्धोक समजावा का?

ज्या गोष्टीची तपासणी झाली तेवढ्यापुरताच. भेसळीच्या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब हीच आहे, म्हणून तिचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

अन्नातल्या प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची सर्वाधिक वापरली गेलेली रीत डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली मांडली. या रीतीत प्रत्यक्ष प्रथिने मोजली जात नाहीत. नमुन्यातला नायट्रोजन मोजला जातो आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब केला जातो. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून नायट्रोजनाचा आकडा सुमारे सव्वासहापट केला की प्रथिनांचा आकडा मिळतो. दुधात नायट्रोजन पुरवणारे दुसरे फारसे काही असायचे कारण नाही, असे यात गृहीत धरलेले आहे. मेलामाइन हे प्लॅस्टिक उद्योगातले संयुग वजनाने ६६ टक्के नायट्रोजनाचे असते. पाणी घालून पातळ केलेल्या दुधात त्याची चिमूट टाकली की कागदावर प्रथिने पुरेशी दिसतात.

चीनमध्ये नेमके हेच झाले. २००८ साली उघडकीस आलेल्या त्या प्रकरणात बालकांसाठीच्या दूधभुकटीमुळे सुमारे ३ लाख मुलांना त्रास झाला. मेलामाइनचे खडे साचून मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि अधिकृत आकड्यानुसार ६ बालके दगावली. दूध चाचणीत उत्तीर्ण होत होते ही त्यातली खरी मेख आहे. भेसळ करणाऱ्यांना चाचणी ठाऊक होती आणि त्यांनी भेसळ त्या चाचणीच्या मापाने बेतली होती. तेव्हापासून दुधात मेलामाइन स्वतंत्रपणे तपासले जाऊ लागले. पण ज्या पदार्थाची अजून कोणाला कल्पनाच नाही, तो शोधणारी चाचणी कोणत्याही यादीत नसते. म्हणूनच तयार मालाच्या तपासणीइतकेच, कच्चा माल कुठून आला आणि तो वाटेत कोणाकोणाच्या हातून गेला, याच्या नोंदींनाही महत्त्व असते.

घरगुती परीक्षा कितपत विश्वासार्ह असतात?

काही मर्यादित अर्थाने खऱ्या आहेत. दुधात पिष्टमय पदार्थ घातला असल्यास, उकळून थंड केलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचे दोनतीन थेंब टाकताच निळा रंग येतो. दूध थंड करणे आवश्यक आहे, कारण गरम द्रवात हा रंग टिकत नाही. दुधात नैसर्गिकरीत्या पिष्ट नसते, म्हणूनच ही परीक्षा तिथे लागू पडते. तीच परीक्षा हळदीवर करून ‘पीठ मिसळले आहे’ असा निष्कर्ष काढणारे लोक हळदीच्या कंदात मुळातच भरपूर पिष्ट असते हे विसरतात. अस्सल हळदही निळी-काळी पडणारच.

दूध हलवल्यावर फेस आला म्हणजे त्यात डिटर्जंट आहे, हाही असाच समज. दुधातली प्रथिने स्वतःच फेस धरतात. तांदळाचा भात मुठीत दाबून केलेला गोळा उसळतो म्हणून तो प्लॅस्टिकचा, ही अफवा अनेक देशांत फिरून आलेली आहे. चिकट पिष्टाचा गोळा उसळतोच, आणि तांदूळ पेटवला तर तो जळतोही. शिवाय प्लॅस्टिकचे दाणे करून विकणे तांदळापेक्षा स्वस्त पडेल का, एवढा साधा प्रश्न विचारला तरी बऱ्याच चित्रफिती निकालात निघतात. भेसळ करणारा माणूस खर्च वाढवणारी भेसळ करत नाही.

मध अस्सल आहे हे कसे ओळखावे?

घरी ओळखता येत नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. पाण्यात तळाशी बसणे, कागदात न झिरपणे, काडीला लावून पेटवणे या सर्व परीक्षा मधातले पाणी किती आणि तो किती दाट आहे एवढेच सांगतात. साखरेचा दाट पाकही त्यांत उत्तीर्ण होतो. उलट मधात कण धरले की लोक साखर मिसळल्याचा संशय घेतात, पण कण धरणे हा बहुतेक मधांचा स्वभाव आहे.

प्रयोगशाळेची रीत मोठी सुरेख आहे. मका आणि ऊस या वनस्पती हवेतला कार्बन ज्या पद्धतीने बांधतात ती मधमाश्या ज्यांच्या फुलांवर जातात त्या बहुतेक वनस्पतींपेक्षा वेगळी असते, आणि त्यामुळे त्यांच्या साखरेत कार्बनच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे कार्बनच्याच किंचित जास्त वजनाच्या अणूंचे, प्रमाण वेगळे पडते. ते मोजले की मक्याचा किंवा उसाचा पाक पकडता येतो. ही चाचणी रुळताच भेसळीचा रोख तांदूळ आणि बीट यांच्या पाकांकडे वळला, कारण त्यांचे समस्थानिक मधासारखेच असतात. आता चुंबकीय अनुस्पंदनावर आधारलेल्या चाचण्या वापरल्या जातात. दूध आणि मेलामाइन यांचाच हा खेळ, फक्त पट वेगळा.

मध अस्सल असो वा नसो, १२ महिन्यांखालील बालकाला तो देऊ नये. त्यात बोटुलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत, बालकाच्या आतड्यात मात्र रुजून विष निर्माण करू शकतात.

मसाल्यांमधल्या रंगांची एवढी भीती का बाळगतात?

कारण तिथे फसवणूक आणि विष बरोबरीने येतात. मसाल्याची प्रत लोक रंगावरून ठरवतात आणि दळलेल्या पुडीत काहीही लपते. लेड क्रोमेट हे पिवळे रंगद्रव्य हळदीला तकाकी देते, आणि त्यातले शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे आढळले. तिथल्या यंत्रणेने संशोधकांच्या साथीने व्यापाऱ्यांना समज दिली, बाजारात जागच्या जागी तपासणी केली, दंड केले, आणि २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. भेसळ अटळ आहे असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

लाल तिखटात सुदान या गटातले औद्योगिक रंग सापडल्यामुळे २००५ साली ब्रिटनमध्ये शेकडो उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. एका घाण्यातले तिखट सॉसमध्ये, सॉस तयार जेवणात, असे ते पसरले होते. २०२३ साली अमेरिकेत सफरचंदाच्या गराच्या पाकिटांतून मुलांच्या शरीरात शिसे गेले, ते त्यातल्या दालचिनीच्या पुडीतून. मसाले अख्खे घेऊन दळल्यास पुडीतली भेसळ टळते. अख्ख्या हळकुंडांनाही रंग चोळला जाऊ शकतो, त्यामुळे अतिशय चकचकीत पिवळे हळकुंड टाळावे.

बुरशी आलेला भाग काढून उरलेले खाल्ले तर चालते का?

ब्रेड, शिजवलेले अन्न, मऊ फळे, मुरंबे, दाणे आणि धान्य यांच्या बाबतीत चालत नाही. डोळ्यांना दिसतो तो बुरशीचा फुलोरा. तिचे धागे आत दूरवर गेलेले असतात. कठीण चीज किंवा गाजरासारखी घट्ट भाजी असेल तर बुरशीभोवतीचा अडीच सेंटिमीटरचा भाग कापून टाकून उरलेले वापरता येते.

खरी चिंता बुरशीची नसून तिने सोडलेल्या विषाची आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये १ लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोध घेता घेता माग शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचला आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषगटाची ओळख झाली. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी ते तयार करते. मका, शेंगदाणे, सुकामेवा आणि सुक्या मिरच्या ही तिची आवडती ठिकाणे. हे विष यकृताचा कर्करोग घडवते हे निर्विवाद सिद्ध झाले आहे, आणि मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास ते थेट जीव घेते: केनियात २००४ साली ओलसर साठवलेल्या मक्यामुळे ३१७ जण आजारी पडले आणि त्यांतले १२५ दगावले. स्वयंपाकाच्या आचेने ते पुरेसे नष्ट होत नाही. दूषित चारा खाल्लेल्या गाईच्या दुधात त्याचेच एक रूप उतरते, आणि पाश्चरीकरणानेही ते जात नाही.

यात कोणी लबाड नाही. पीक काढल्यावर ते नीट न वाळणे आणि कोठारात दमटपणा राहणे एवढेच पुरते. घरात करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे दाणे व धान्य कोरडे ठेवणे आणि सुरकुतलेले, काळवंडलेले, कडवट लागणारे दाणे निवडून टाकणे. कडू दाणा तोंडात आला तर तो भिडेखातर गिळू नये.

उकळल्यावर किंवा शिजवल्यावर अन्न सुरक्षित होते ना?

जिवंत जंतूंपासून बहुतांशी होते. अन्न आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोहोचले की बहुतेक रोगजंतू मरतात. परंतु काही जंतू मरण्यापूर्वी विष सोडून गेलेले असतात. शिजवलेला भात तासन् तास बाहेर राहिला की उष्णतेतून वाचलेले बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू रुजतात, आणि त्यांचे उलटी घडवणारे विष भात पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात गेलेल्या स्टॅफिलोकोकस या जीवाणूच्या विषाचेही तसेच. म्हणून शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्या तापमानात ठेवू नये. ते ६० अंशांच्या वर गरम ठेवावे किंवा ५ अंशांच्या खाली गार करावे.

धातूंवर आचेचा काहीच परिणाम होत नाही. तांदळातला आर्सेनिक मात्र भरपूर पाण्यात भात शिजवून ते पाणी काढून टाकल्यास बराच घटतो, अर्थात ते पाणी स्वतः आर्सेनिकमुक्त असेल तरच.

लोक आजारी पडतात ते प्रामुख्याने भेसळीमुळे का?

नाही, आणि हे सांगितल्यावर अनेकांना पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. त्यांत १ लाख २५ हजार पाच वर्षांखालील मुले असतात. या आजारांतला फार मोठा वाटा जुलाब घडवणाऱ्या जंतूंचा आहे. भेसळीची बातमी होते, कारण तिच्यात खलनायक असतो. कच्चे मांस कापलेल्या पाटावर न धुताच चिरलेल्या काकडीची बातमी होत नाही.

कच्चे कोंबडीचे मांस नळाखाली धुण्याची सवयही सोडावी. त्याने मांस स्वच्छ होत नाही, उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू मात्र ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात.

भाज्या आणि फळे कशाने धुवावीत?

वाहत्या स्वच्छ पाण्याखाली, चोळून. साबण वापरू नये. तो सालीतून आत मुरू शकतो. पृष्ठभागावरचे कीटकनाशक धुण्याने कमी होते, वनस्पतीच्या आत शोषले गेलेले धुण्याने जात नाही. साल काढल्याने आणखी थोडे कमी होते, सालीतले तंतूही अर्थात जातात.

सेंद्रिय अन्न घेतल्यास हा प्रश्न सुटतो का?

कृत्रिम कीटकनाशकांचे अवशेष कमी होतात. जंतू आणि बुरशी यांना शेतीची पद्धत कळत नाही. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जीवाणूच्या एका घातक प्रकाराने ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक मरण पावले. सुरुवातीला दोष स्पेनच्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. शेवटी माग निघाला तो मेथीच्या बियांना आणलेल्या मोडांपर्यंत, आणि ते मोड एका सेंद्रिय शेतावर तयार झाले होते. ऊब आणि ओलावा मोडांना लागतो तसा जंतूंनाही मानवतो. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी मोड शिजवूनच खावेत.

विषारी पदार्थांची मर्यादा शून्यच का ठेवत नाहीत?

जिथे जाणूनबुजून मिसळण्याचा प्रश्न आहे तिथे ती शून्यच असते. जमिनीतून येणाऱ्या धातूंबाबत किंवा बुरशीच्या विषाबाबत शून्य हा आकडा उपकरणाच्या क्षमतेवर अवलंबून असतो. आजची उपकरणे शंभर कोटी भागांतला एक भागही पाहू शकतात, म्हणून ‘अमुक सापडले’ एवढ्या वाक्याला अर्थ नाही. किती सापडले आणि तो पदार्थ दिवसाकाठी किती खाल्ला जातो, हे विचारावे. १९६३ साली सुरू झालेल्या कोडेक्स ॲलिमेंटेरियस या आंतरराष्ट्रीय संहितेत अशा मर्यादा ठरवल्या जातात. उदाहरणार्थ, दुधातल्या अफ्लाटॉक्सिनसाठी किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. कीटकनाशकांसाठी सामान्यतः प्राण्यांवर ज्या मात्रेचा दुष्परिणाम दिसत नाही तिचा शंभरावा भाग माणसासाठी मोजतात: दहापट प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी, दहापट माणसामाणसांतल्या फरकासाठी.

एखाद्या पदार्थाचा संशय आला तर काय करावे?

चाखून खात्री करू नये. पदार्थ मूळ वेष्टनासह बंद करून ठेवावा. नाशवंत असल्यास थंड जागी ठेवावा. वेष्टनावरचा उत्पादन-गट क्रमांक, तारीख आणि खरेदीची पावती जपावी, कारण त्या क्रमांकाशिवाय उरलेला माल बाजारात कुठे आहे हे शोधता येत नाही. कोणी आजारी पडले असेल तर गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्ले आणि त्रास केव्हा सुरू झाला हे लिहून डॉक्टरांना द्यावे; शेवटचे जेवण नेहमीच दोषी नसते, काही जंतूंना त्रास द्यायला दिवस लागतात. तक्रार अन्नसुरक्षेच्या अधिकृत यंत्रणेकडे करावी. घरी उघडलेल्या पाकिटातला नमुना कायद्यापुढे बहुधा टिकत नाही, त्यामुळे अधिकारी त्याच गटातले न उघडलेले पाकीट दुकानातून स्वतः ताब्यात घेतात, आणि ते कोणते हे त्यांना त्या क्रमांकावरूनच कळते.